एक ओळ, चार उत्तरं

फायली कॉपी करणारा एक छोटा प्रोग्रॅम घेऊ. काम संपलं की तो इंग्रजीत कळवतो, अमुक इतक्या फायली कॉपी झाल्या, त्यांचा आकार इतके एमबी. सी भाषेत हे वाक्य साच्याच्या रूपात लिहिलेलं असतं. फायलींची संख्या जिथे यायची तिथे ‘%डी’, आणि पुढे आकार यायचा तिथे ‘%.१एफ’. ‘%डी’ म्हणजे पूर्णांक छाप, ‘%.१एफ’ म्हणजे एक दशांश स्थळापर्यंत अपूर्णांक छाप. आता या प्रोग्रॅमचं मराठीकरण करायला कुणी बसलं की वाक्य आपोआप वळतं: ‘%.१एफ एमबीच्या %डी फायली कॉपी केल्या.’ मराठीत असंच बोलतात. भाषांतर करणारा आपल्या ६४ बिटी लिनक्स लॅपटॉपवर ते चालवून पाहतो आणि पडद्यावर येतं, ‘३.५ एमबीच्या १२ फायली कॉपी केल्या.’ आकडे बरोबर, वाक्य बरोबर. काम झालं असं समजून तो फाइल पाठवून देतो.

तेच वाक्य जुन्या ३२ बिटी पीसीवर छापलं तर येतं, ‘०.० एमबीच्या १०७४५२८२५६ फायली.’ रास्पबेरी पायवर ३२ बिटी लिनक्स असेल तर ३.५ एमबी बरोबर येतात, पण फायलींच्या जागी कुठला तरी भलताच आकडा येतो. आणि ६४ बिटी विंडोजवर किंवा ॲपलच्या एम-१ चिपवर साधारणपणे ‘०.० एमबीच्या ० फायली’ असं येतं.

अशा वेळी पहिला संशय बिघडलेलं उत्तर देणाऱ्या मशीनवर जातो. ‘माझ्याकडे तर नीट चालतंय’ हे वाक्य सॉफ्टवेअरच्या कुठल्याही ऑफिसात रोज कानावर पडतं. पण वरच्या सगळ्याच मशीनी आपापल्या नियमांना धरून वागल्या. चूक ओळीत होती, आणि ती चूक झाकणारी एकच मशीन होती, ती म्हणजे बरोबर उत्तर देणारा लॅपटॉप. सीमधल्या छपाईचे बग शोधताना ही गोष्ट आधी पचवावी लागते. बरोबर छापलं गेलं हा ओळ बरोबर असल्याचा पुरावा धरता येत नाही. उलट चुकीचा आकडा मात्र बरंच काही सांगतो, तो वाचता आला पाहिजे.

हे असं का होतं ते समजायला प्रिंटएफ या फंक्शनची घडण पाहावी लागते. सीमधल्या बहुतेक फंक्शनांना आपल्याकडे किती गोष्टी येणार आणि त्या कुठल्या प्रकारच्या, हे आधी ठाऊक असतं. प्रिंटएफला फक्त पहिली गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे साच्याचं वाक्य. त्यापुढे त्याच्या घोषणेत नुसते तीन टिंब असतात. वाणी सामान बांधून देतो, पुड्यांवर काही लिहिलेलं नसतं, सोबत फक्त यादी असते, आणि घरी पुडे फोडणारा यादीवर विश्वास ठेवून पहिल्या पुड्याला साखर म्हणतो आणि दुसऱ्याला रवा. प्रिंटएफचं अगदी असंच चालतं. साच्यात ‘%डी’ दिसला की ते पुढच्या जागेवरून एक पूर्णांक उचलतं. तिथे खरोखर पूर्णांक ठेवला होता का, हे तपासायला त्याच्याकडे काहीही साधन नसतं. प्रकार जुळले नाहीत तर काय व्हावं, हे सीच्या प्रमाणग्रंथानेही ठरवलेलं नाही. काहीही झालं तरी ते नियमात बसतं.

‘पुढची जागा’ म्हणजे नेमकी कुठली, हे मात्र प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम मिळून ठरवतात. या करारनाम्याला एबीआय म्हणतात. इंटेलच्या ३२ बिटी लिनक्सवर सगळी आर्ग्युमेंटं, म्हणजे फंक्शनला दिलेल्या गोष्टी, एकामागोमाग स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या चळतीवर, रचली जातात. १२ हा पूर्णांक ४ बाइट घेतो, ३.५ हा अपूर्णांक ८ बाइट. उलट्या साच्याने आधी अपूर्णांक मागितला, म्हणून प्रिंटएफने पहिले ८ बाइट उचलले. त्यात १२ चे चार बाइट आले आणि ३.५ चा खालचा अर्धा भाग आला, जो सगळा शून्यच असतो. या आठ बाइटांचा अपूर्णांक म्हणून अर्थ लावला तर संख्या इतकी सूक्ष्म निघते की ०.० छापलं जातं. मग ‘%डी’साठी उरला ३.५ चा वरचा अर्धा भाग. तो पूर्णांक म्हणून वाचला की बरोबर १०७४५२८२५६. म्हणजे तो अफाट दिसणारा आकडा कचरा नव्हताच. तो साडेतीनचाच अर्धा तुकडा होता.

इंटेल-एएमडीच्या ६४ बिटी लिनक्सवर स्टॅकचं काम सुरुवातीला लागतच नाही. पहिले सहा पूर्णांक किंवा पत्ते प्रोसेसरमधल्या एका संचातल्या रजिस्टरांत जातात आणि पहिले आठ अपूर्णांक दुसऱ्याच संचात. अपूर्णांक मागितला की त्या संचातला पहिला मिळतो, पूर्णांक मागितला की दुसऱ्या संचातला. दोघांचा एकमेकांशी क्रमाचा संबंधच नाही. त्यामुळे १२ आणि ३.५ यांची अदलाबदल झाली तरी दोघेही आपापल्या जागी सापडतात. ६४ बिटी आर्मच्या लिनक्सवरही हेच घडतं. आज मराठीकरण करणाऱ्या बहुतेकांच्या हातात यांपैकीच एखादी मशीन असते.

३२ बिटी आर्मचा नियम आणखी वेगळा. तिथे आठ बाइटांची संख्या सम क्रमांकाच्या रजिस्टरापासूनच सुरू व्हावी लागते. शून्य क्रमांकाच्या रजिस्टरात साचा, एकमध्ये १२, आणि दोन-तीनच्या जोडीत ३.५. आत प्रिंटएफ जेव्हा आधी अपूर्णांक मागतं तेव्हा तेही हाच नियम पाळतं, एक नंबर ओलांडतं आणि दोन-तीनमधून अचूक ३.५ काढतं. मग पूर्णांकासाठी पुढे जातं तर रजिस्टरं संपलेली. म्हणून स्टॅककडे वळतं, जिथे या ओळीसाठी कुणी काही ठेवलेलंच नव्हतं. अर्धं उत्तर बरोबर आणि अर्धं चूक, असं याच कारणाने येतं. ६४ बिटी विंडोज आणि ॲपलच्या आर्म चिपा प्रत्येक आर्ग्युमेंटाला आठ-आठ बाइटांचा एकेक कप्पा देतात आणि ते ओळीने वाचतात. पहिल्या कप्प्यातला १२ अपूर्णांक म्हणून वाचला की ०.०, दुसऱ्यातल्या ३.५ चा खालचा अर्धा पूर्णांक म्हणून वाचला की ०.

या खास चुकीवरचा उपाय मराठीसाठी महत्त्वाचा आहे, म्हणून इथेच सांगतो. कर्ता-कर्म-क्रियापद या क्रमाच्या आपल्या भाषेत साच्यातल्या खुणा मागेपुढे कराव्याच लागणार. त्यांना क्रमांक देता येतात: ‘%२$.१एफ एमबीच्या %१$डी फायली.’ म्हणजे आर्ग्युमेंट क्रमांक दोन इथे, क्रमांक एक तिथे. एका खुणेला क्रमांक दिला की त्या वाक्यातल्या सगळ्यांना द्यायचा. ही सोय सीच्या मूळ प्रमाणात नाही, पॉझिक्समध्ये आहे. लिनक्स आणि मॅकवर ती सरळ चालते, मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत त्यासाठी वेगळं फंक्शन आहे. भाषांतराच्या फायली तपासणाऱ्या एमएसजीएफएमटी या साधनाला ‘सी’ हा पर्याय दिला की मूळ वाक्य आणि भाषांतर यांतल्या खुणा जुळतात का ते पाहून ते जागच्या जागी चूक दाखवतं. लॅपटॉपवर चालवून पाहण्यापेक्षा ही तपासणी कितीतरी भरवशाची, कारण ती मशीनच्या नियमावर विसंबून नसते.

साचा आणि आर्ग्युमेंटं न जुळण्याचा हा प्रश्न सीइतकाच जुना आहे. बेल लॅब्जमध्ये सी घडली ती पीडीपी-११ या मशीनवर, जिथे साधा पूर्णांक १६ बिटांचा होता आणि मोठा, म्हणजे ‘लाँग’, ३२ बिटांचा. त्यात भर म्हणजे लाँगचा वरचा अर्धा भाग आधी ठेवला जाई. छोटासा लाँग चुकून ‘%डी’ने छापला तर पीडीपी-११ वर शून्य येई. १९७७-७८ मध्ये स्टीव्ह जॉन्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ या ३२ बिटी मशीनवर नेलं, तेव्हा एका मशीनच्या सवयी कोडमध्ये किती खोल मुरलेल्या असतात ते उघड झालं. त्याच काळात जॉन्सन यांनी लिंट हे साधन लिहिलं. कंपाइलर ज्याकडे दुर्लक्ष करतो अशा संशयास्पद आणि दुसऱ्या मशीनवर न टिकणाऱ्या गोष्टी शोधणं हेच त्याचं काम. आजच्या कंपाइलरांच्या वॉर्निंगांचं ते मूळ म्हणता येईल.

पीडीपी-११ इतिहासजमा झालं, पण १६ बिटांचा पूर्णांक आजही डिप्लोमा आणि इंजिनीअरिंगच्या कुठल्याही प्रयोगशाळेत सापडतो. आर्डुइनो उनो बोर्डावर तोच आहे. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये हमखास दिसणारी एक ओळ घ्या. बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद आणि सेन्सरचं तापमान, दोन्ही एकाच स्ट्रिंगमध्ये ‘%डी %डी’ने बसवायचे. मिलिसेकंद देणारं मिलिस हे फंक्शन ३२ बिटांचा आकडा परत करतं. ईएसपी-३२ बोर्डावर साधा पूर्णांकही ३२ बिटांचाच, त्यामुळे सगळं सुरळीत. तीच ओळ उनोवर टाकली की काय होतं ते सावकाश पाहण्यासारखं आहे.

उनोवर अशी सगळी आर्ग्युमेंटं स्टॅकवर जातात. पहिला ‘%डी’ दोनच बाइट उचलतो, म्हणजे वेळेचा खालचा अर्धा. दुसरा ‘%डी’ त्यापुढचे दोन बाइट उचलतो, म्हणजे त्याच वेळेचा वरचा अर्धा. तापमान तसंच मागे पडून राहतं, त्याला कुणी हातच लावत नाही. सुरुवातीला वेळ ठीक दिसते आणि तापमान शून्य. सेन्सरची वायर सैल आहे की काय असं वाटतं, मुलं वायरी काढून पुन्हा लावतात. ३२.७६७ सेकंदांनंतर वेळ एकदम उणे ३२७६८ होते. ६५.५३६ सेकंद झाले की वेळ पुन्हा शून्यावर येते आणि तापमान १ होतं. पुढे दर ६५ सेकंदांनी तापमान एकेक अंश चढतं. अर्ध्या तासाने ते २७ दाखवतं. पुण्यातल्या खोलीचं तापमान म्हणून २७ कुणालाही पटेल. तेवढ्यात परीक्षक येऊन आकडा पाहून गेले तर प्रोजेक्ट पासही होईल. आणखी अर्ध्या तासाने मात्र तोच सेन्सर ५४ दाखवेल.

आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपाइलरच्या वॉर्निंगा सुरुवातीपासून बंद ठेवलेल्या असतात, ही मला खरोखर खटकणारी गोष्ट आहे. शिकणाऱ्याला घाबरवू नये हा हेतू समजतो. पण या एका ओळीबद्दल कंपाइलरला सगळं कळत होतं, आणि ते सांगायची त्याला मुभा नव्हती. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ‘ऑल’ निवडलं की तो लगेच बोलतो. शिक्षकांनी पहिल्या दिवशीच हे करून घ्यावं. दुरुस्ती सोपी आहे: वेळेच्या ‘%डी’च्या जागी बिनचिन्हाच्या लाँगसाठी ‘%एलयू’.

लाँगवरून आठवलं. ‘लाँगला %एलडी’ एवढं पाठ केलं की भागतं, अशी समजूत पसरलेली आहे. ती पुरी पडत नाही, कारण लाँगची लांबीच ठरलेली नाही. ६४ बिटी लिनक्स आणि मॅकवर लाँग ६४ बिटांचा, ६४ बिटी विंडोजवर ३२ बिटांचाच. त्याहून नाजूक प्रकार म्हणजे ज्यांची लांबी नावावरून कळतच नाही असे प्रकार. टाइम-टी हा त्यातला सर्वांत जिवंत विषय. १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद यात मोजले जातात. ३२ बिटांत ते १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांपर्यंतच मावतात. म्हणून ३२ बिटी मशीनींवरही टाइम-टी ६४ बिटांचा करण्याचं काम गेली काही वर्षं चालू आहे. ओपनबीएसडीने ते २०१४ मध्ये केलं, सीच्या मसल लायब्ररीने २०२० मध्ये, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटी आर्मसाठी केलं. जुने तयार प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून इंटेलच्या ३२ बिटी आवृत्तीत डेबियनने टाइम-टी जुनाच ठेवला.

आता वर्षानुवर्षं ‘%एलडी %एस’ अशा साच्याने वेळ आणि फाइलचं नाव छापणारी ओळ विचारात घ्या. ६४ बिटी मशीनवर लाँग आणि टाइम-टी दोन्ही ६४ बिटांचे, सगळं ठीक. जुन्या ३२ बिटी मशीनवर दोन्ही ३२ बिटांचे, तिथेही ठीक. नव्या ३२ बिटी आर्मवर लाँग ३२ आणि टाइम-टी ६४. वेळ सम क्रमांकाच्या जोडीत जाते, ‘%एलडी’ मधलं रिकामं रजिस्टर वाचून काहीतरी छापतो, आणि ‘%एस’ वेळेच्या खालच्या अर्ध्या भागालाच फाइलच्या नावाचा पत्ता समजतो. त्या पत्त्यावर बहुधा काहीच नसतं आणि प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नाही, फक्त पायाखालचा प्रकार रुंद झाला. यावर नेहमीचा उपाय म्हणजे वेळ आधी लाँग-लाँगमध्ये बदलायची आणि ‘%एलएलडी’ने छापायची. लांबी नेमकी ६४ बिट हवी असेल तेव्हा १९९९ च्या प्रमाणात आलेले पीआरआयडी-६४ सारखे मॅक्रो वापरायचे. मेमरीतल्या आकारांसाठी त्याच प्रमाणाने ‘%झेडयू’ दिला. भाषांतराच्या फायलींनाही पीआरआयडी-६४ समजतो, कोनी कंसात तो नावासकट लिहिला जातो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

लांबीखेरीज आणखी एक फरक आहे, आणि तो देवनागरीत काम करणाऱ्यांना हमखास भेटतो. ‘कॅर’ हा एका बाइटाचा प्रकार चिन्हासकट धरायचा की बिनचिन्हाचा, हे सीने मशीनवर सोडलं आहे. इंटेलवर तो चिन्हासकट, आर्मच्या लिनक्सवर बिनचिन्हाचा. नुसत्या इंग्रजी मजकुरात हा फरक कधीच दिसत नाही, कारण ती अक्षरं १२७ च्या आत असतात. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि तिन्ही १२७ च्या वरचे असतात. ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. सोळाच्या पद्धतीत, जिथे नऊनंतर ए ते एफ ही अक्षरं येतात, हे बाइट ‘ई० ए४ ९५’ असे लिहितात.

एखाद्या फाइलमधलं मराठी का बिघडलं ते पाहायला आपण तिचे बाइट ‘%०२एक्स’ने छापतो. रास्पबेरी पायवर ‘ई० ए४ ९५’ असं नीट येतं. लॅपटॉपवर येतं ‘एफएफएफएफएफएफई०’, पुढे ‘एफएफएफएफएफएफए४’. तीन टिंबांतून जाताना प्रत्येक कॅर रुंद होऊन पूर्णांक बनतो. चिन्हासकट वाचलेला २२४ हा उणे ३२ असतो, आणि उणे ३२ चा ३२ बिटी पूर्णांक लिहिला की पुढचे सगळे बिट एक होतात. ‘%०२एक्स’मधला दोन हा आकडा कमीत कमी जागा सांगतो, जास्तीत जास्त नाही. म्हणून दोन अक्षरं आणि शेवटचं शून्य एवढ्यासाठी तीन बाइटांची जागा राखून त्यात हे छापणारा कोड इंग्रजीवर पास होतो, आर्मवर मराठीवरही पास होतो, आणि इंटेलवर पहिल्याच ‘क’ला शेजारची मेमरी खराब करतो. बाइट छापण्याआधी तो बिनचिन्हाचा करून घ्यायचा, की दोन्हीकडे एकच उत्तर येतं.

हा मतभेद कुणाच्या लहरीतून आलेला नाही. पीडीपी-११ बाइट रजिस्टरात घेताना चिन्ह आपोआप पसरवी, आणि सुरुवातीच्या आर्म चिपांना चिन्हासकट बाइट वाचणारी सूचनाच नव्हती. ज्या मशीनला जे स्वस्त पडलं ते तिचं ठरलं. ॲपलने आपल्या आर्म चिपांसाठी मात्र चिन्हासकटच ठेवला, त्यामुळे ‘आर्म म्हणजे बिनचिन्ह’ असंही म्हणून चालत नाही. लिनक्स कर्नलने फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ आवृत्तीपासून सगळ्याच मशीनींवर बिनचिन्हाचा कॅर घेऊन हा वाद आपल्यापुरता मिटवला.

ज्यांनी छपाईचं स्वतःचं फंक्शन लिहिलं आहे त्यांच्यासाठी आणखी एक खड्डा आहे. तीन टिंबांतली आर्ग्युमेंटं पुढे द्यायला व्हीए-लिस्ट वापरतात. लॉग लिहिणारी फंक्शनं ती बऱ्याचदा दोनदा वापरतात, एकदा किती जागा लागेल ते मोजायला आणि एकदा प्रत्यक्ष छापायला. ३२ बिटी इंटेलवर व्हीए-लिस्ट हा साधा पॉइंटर असतो, दुसऱ्या फंक्शनला त्याची नक्कल जाते, आपली प्रत जागची हलत नाही. इंटेल-एएमडीच्या ६४ बिटी लिनक्सवर ती एका छोट्या नोंदीची ॲरे असते. दुसऱ्या फंक्शनला मूळ नोंदीचाच पत्ता जातो आणि पहिल्या वापरातच ती खर्ची पडते. दुसऱ्यांदा वाचताना हाती लागतात ती पुढची, नसलेली आर्ग्युमेंटं. १९९९ पासून यासाठी व्हीए-कॉपी आहे आणि ती प्रत्येक मशीनवर वापरायलाच हवी.

प्रत्यक्ष बग समोर आला की मी आधी आकड्याकडे बघायला सांगेन. फायलींची संख्या किंवा वय १०७ ते १०८ कोटींच्या दरम्यान येत असेल तर तो जवळजवळ नक्की एखाद्या छोट्या अपूर्णांकाचा वरचा अर्धा असतो. ‘%डी’ने ३.१४ छापलं आणि १३७४३८९५३५ आलं तर तो त्याचा खालचा अर्धा, आणि आर्ग्युमेंटं स्टॅकवर किंवा कप्प्यांत ठेवणारी मशीन आहे हेही त्यावरून कळतं. ६४ बिटी लिनक्सवर त्याच ओळीत बहुधा दर वेळी वेगळा आकडा येईल, कारण तिथे ३.१४ शी काहीच संबंध नसलेलं रजिस्टर वाचलं जातं. स्ट्रिंगच्या जागी कंसात ‘नल’ आलं तर तिच्या आधीचा एखादा आकडा ६४ बिटांचा असून साच्यात ३२ चा मागितला आहे का ते पाहावं. पुढे सहा ‘एफ’ची माळ लागली तर चिन्हाचा कॅर.

मग मशीन बदलून पाहावं. त्यासाठी हार्डवेअर विकत घ्यायची गरज नाही. इंटेलच्या लॅपटॉपवर जीसीसी या कंपाइलरला ‘एम३२’ हा पर्याय दिला की तोच कोड ३२ बिटी होतो. क्यूईएमयू हा एम्युलेटर वापरून आर्मचा किंवा आयबीएमच्या मेनफ्रेम जातीचा, म्हणजे बाइट उलट क्रमाने ठेवणारा, प्रोग्रॅम घरच्या मशीनवर चालवता येतो. डीबगरमध्ये प्रिंटएफच्या दारातच थांबून रजिस्टरं आणि स्टॅकचे पहिले काही शब्द पाहिले, तर कुठली संख्या कुठे ठेवली गेली ते डोळ्यांनी दिसतं. एकदा तरी हे करून पाहावंच. वर मी जे परिच्छेदभर सांगितलं ते दहा ओळींत समोर येतं.

तरी खरा पहारेकरी कंपाइलरच. ‘वॉल’ पर्यायाखाली जीसीसी आणि क्लँग दोघेही साचा आणि आर्ग्युमेंटं पडताळतात. पण ही पडताळणी प्रिंटएफच्या ओळखीच्या घराण्यापुरती असते. कंपनीच्या कोडमध्ये बहुतेक सगळं छापलं जातं ते स्वतःच्या लॉग फंक्शनातून, आणि त्याच्या तीन टिंबांचा अर्थ कंपाइलरला कळत नाही. हेडरमध्ये त्या फंक्शनाच्या घोषणेला ‘फॉरमॅट’ हे ॲट्रिब्यूट जोडून साचा कितव्या जागी आणि आर्ग्युमेंटं कुठून सुरू होतात ते सांगितलं, की जुन्या कोडवर एकदम वॉर्निंगा बरसतात. त्यातल्या बऱ्याच मेमरीतल्या आकारांच्या प्रकाराबद्दल असतात, ‘%डी’च्या जागी ‘%झेडयू’ घातला की मिटणाऱ्या. घाईत असलेले लोक अशा वेळी साच्याला हात न लावता संख्येपुढे कंसात ‘इंट’ लिहून टाकतात. वॉर्निंग तिथल्या तिथे गप्प होते, आता साचा आणि आर्ग्युमेंट खरोखर जुळतात, आणि यापुढे कुठलाही कंपाइलर त्या ओळीबद्दल बोलणार नाही. पण पुढे कधी तरी ३०० कोटी बाइटांची फाइल आली, की तीच ओळ साध्या पीसीवर, आर्मवर, विंडोजवर, सगळीकडे एकमताने उणे १२९४९६७२९६ छापेल.